टाचणीवरचं लेबल

सर,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले, आणि या सोळा दिवसांत भेटेल तो मला सांगतोय की तुम्ही माझं नाव अमर केलंत. फ्यूनरल होममध्ये कोटाच्या आत पांढरी साडी नेसून मी शेवटच्या रांगेत बसले होते, तर इथल्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष मुद्दाम वळून माझ्याकडे आले. "सुमतीताई, यू आर सो लकी हं. लोकांच्या नावाचा साधा रस्ता होत नाही, तुमच्या नावाचा डास आहे!" मी मान हलवली. समोर शवपेटीत तुम्ही, कोट-टाय घालून, हातात हार, आणि मला एकच गोष्ट सुचत होती, की आता या माणसाशी भांडायचं राहूनच गेलं. रडू नंतर आलं, पार्किंग लॉटमध्ये, आणि तेही रागाचं होतं.

मंडळाच्या अंकाला माझ्याकडून तुमच्यावर दोन पानं हवी आहेत. तुमचा जन्म कुठला, पदव्या कुठल्या, किती पेपर लिहिले, हे दुसरं कुणीतरी लिहील. मला ते जमणार नाही. मी तुम्हालाच लिहितेय, कारण हे ज्याच्याशी बोलायचं होतं तो माणूस तुम्ही एकटेच होतात, आणि तुम्ही नेमकं तेवढंच ऐकून घेतलं नाहीत.

आठवतंय का, आपण भेटलो ते मंडळाच्या संक्रांतीला, शाळेच्या कॅफेटेरियात, तिळगुळाच्या रांगेत. नवऱ्याच्या, अशोकच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत, पिस्कॅटवेला येऊन चार महिने झाले होते. तुम्ही विचारलंत, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "काही नाही. डिपेंडंट व्हिसा आहे. एम.एस्सी. झूऑलॉजी केलंय नागपूरला." तुम्ही हातातला लाडू तसाच ठेवलात. "झूऑलॉजी केलंय आणि काही नाही कसं? सोमवारी लॅबमध्ये या. बेसमेंटमध्ये आहे, डाव्या हाताला." सोमवारी मी आले. विद्यापीठातल्या त्या तळघरात बोरांच्या लाकडी खोक्यांसारख्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि प्रत्येक पेटीत टाचण्यांवर डास. मी आयुष्यभर डास मारले होते. डास असे रांगेत, नावानिशी, कौतुकाने ठेवलेले पहिल्यांदाच पाहिले.

पहिले तीन महिने तुम्ही मला एकच काम दिलंत. कागदाचा इवलासा त्रिकोण कापायचा, त्यातून टाचणी घालायची, त्रिकोणाच्या टोकाला बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब लावायचा आणि त्यावर डास चिकटवायचा, एकही पाय न मोडता. माझ्या पर्समध्ये नेलपॉलिश सापडलं तेव्हा अशोकला वाटलं अमेरिकेचं वारं लागलं. मी पाय मोडत होते आणि तुम्ही रागवत नव्हतात. "पुन्हा" म्हणायचात, एवढंच. हे मी विसरलेले नाही, सर. माझ्या हातात जे कसब आहे ते तुमचं आहे. डासाच्या पाठीवरचे खवले, पायावरचे पांढरे पट्टे, अळीच्या शेपटाकडचे केस हे सगळं बघायला तुम्ही शिकवलंत, आणि त्याआधी मी आंधळीच होते असं मला आजही वाटतं. राग आहे म्हणून हे नाकारणार नाही.

मंडळात लोक विचारायचे, "म्हणजे नक्की करता काय तुम्ही?" मी सांगायचे, डासांच्या जाती ठरवते. त्यावर हमखास कुणीतरी म्हणायचंच, "बाप रे, इथे येऊनही जातच काढताय!" तुम्हीही हसायचात. पण लॅबमध्ये त्याच जातीवरून आपलं रोज वाजायचं. तुम्ही फोडणारे आणि मी जोडणारी. चार केस वेगळे दिसले की तुम्हाला नवी जात दिसायची, मला तोच डास जरा वेगळ्या पाण्यात वाढलेला दिसायचा. "सुमती, तू सगळ्या जगाला एका कुटुंबात कोंबशील," असं तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, "आणि तुम्ही सख्ख्या भावांच्या वाटण्या कराल." मला ते भांडण आवडायचं. घरी अशोकशी बोलायला ग्रोसरी आणि गाडीचा इन्शुरन्स एवढेच विषय असायचे.

मग नदीकडच्या त्या जुन्या मेपलची ढोली आली.

त्या ढोलीतलं काळं पाणी मी स्वतः चहाच्या चमच्याने काढायचे. पन्नासेक अळ्या आणल्या, प्रत्येक अळी वेगळ्या काचेच्या नळीत ठेवली. अळीने कात टाकली की कात काढून स्पिरिटमध्ये ठेवायची, तिला नळीचा नंबर द्यायचा. कोषातून डास बाहेर आला की त्यालाही तोच नंबर. अळी एका तऱ्हेची, डास दुसऱ्या तऱ्हेचा, आणि दोघं एकाच जिवाची दोन रूपं आहेत याचा पुरावा म्हणजे तो नंबर. नंबर चुकला की सगळं खोटं. म्हणून मी म्हटलं होतं, नंबर नळीच्या काचेवर चिकटवू. तुम्ही म्हणालात, "पट्टी ओलीने सुटते. आमच्या गुरूंची पद्धत आहे, चिठ्ठी नळीच्या तोंडाशी लावलेल्या कापसाच्या बोळ्याला दोऱ्याने बांधायची." म्हणजे नंबर बरणीवर नाही, बरणीच्या झाकणावर. मी स्वयंपाकघर चालवणारी बाई. झाकणं कशी बदलतात ते मला ठाऊक होतं. पण तुमच्या गुरूंपुढे माझं स्वयंपाकघर कुठे टिकणार? मी चिठ्ठ्या बोळ्यांना बांधल्या.

त्या रविवारी मंडळाचा गणपती होता, हायस्कूलच्या जिममध्ये. मोदकांची जबाबदारी माझ्यावर होती आणि नळ्यांचं पाणीही त्याच दिवशी बदलायचं होतं. मी नाही म्हणणार होते मोदकांना. तुम्हीच म्हणालात, "जा गं, पाऱ्या वळ. एक दिवस मी बघतो नळ्या. मी काय म्हातारा झालो का?" दहा वर्षांत तुम्ही नळीला हात लावला नव्हता. मला भरून आलं होतं तेव्हा, खरं सांगते. संध्याकाळी आरती संपल्यावर तुम्ही आलात, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. "सगळं ठीक," म्हणालात आणि उभ्या उभ्या तीन मोदक खाल्लेत. लॅबच्या वहीत तुम्ही लिहिलं होतं, पाणी बदललं. बस, तेवढंच.

चार दिवसांनी त्यातल्या एका नळीतून डास बाहेर आला. बघावं तर ढोलीतला नेहमीचा साधा डास. पण त्याच नंबरची कात स्लाइडवर घेतली, तर शेपटाकडचे केसांचे झुपके आपण आजवर पाहिलेल्या एकाही अळीशी जुळत नव्हते. तुम्ही मायक्रोस्कोपवरून डोळा काढलात आणि खुर्चीतच बसून राहिलात. "सुमती, हा कुणालाच माहीत नाही." मी म्हटलं, आणखी मिळू देत, एका डासावरून कसं ठरवायचं? तर म्हणालात की दक्षिणेत कुणीतरी ढोलीतल्या डासांवरच काम करतोय, तो आधी छापेल. आपल्या धंद्यात नाव त्याचंच टिकतं जो आधी छापतो. तुम्ही सहा आठवड्यांत पेपर लिहिलात. आकृत्या मी काढल्या, प्रत्येक केस मोजून. अळी मी आणली, मी वाढवली, कात मी बसवली, डास मी चिकटवला.

पेपरवर नाव तुमचं एकट्याचं.

मी विचारलं तेव्हा तुम्ही जे उत्तर दिलंत ते मी अजून चघळतेय. म्हणालात, "अगं, तुला सरप्राइज द्यायचं होतं. मी डासाला तुझं नाव देतोय. आता स्वतःच्या नावाचा डास स्वतःच छापायचा नसतो, ते वाईट दिसतं. म्हणून तुझं नाव लेखक म्हणून घालता येत नाही." आणि शेवटी आभारांत एक ओळ, अळ्या वाढवण्याबद्दल आणि लेबलं लिहिण्याबद्दल सौ. सुमती दाभोळे यांचे आभार. मी त्या दिवशी खूश झाले, सर. ही सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आहे. नागपूरला बाबांना एअरोग्राम लिहिला की माझ्या नावाचा डास निघाला आहे. मला मान देऊन मला दाराबाहेर काढलंय हे कळायला एक वर्ष लागलं. तुम्हाला ते तेव्हाच कळत होतं का? मला अजून ठरवता येत नाही, आणि आता विचारायचं कुणाला?

नियमच आहे की डासाच्या नावापुढे ज्याने नाव दिलं त्याचं आडनाव लिहायचं. म्हणजे जगातल्या प्रत्येक सूचीत माझं नाव, लॅटिन शेपूट लावलेलं, आणि पुढे तुमचं, केळशीकर. अशोकने तो छापील पेपर पाहिला आणि म्हणाला, "हे काय, लग्नानंतरचं नाव वाटतंय." तो चेष्टेत म्हणाला. मग मंडळात कुणीतरी तेच म्हटलं आणि तिथे ते चेष्टेत नव्हतं. त्यानंतर अशोक मला लॅबला सोडायला येईनासा झाला. मी बसने यायला लागले. तुम्ही विचारलंतही नाही की गाडीचं काय झालं.

पुढचे तीन उन्हाळे मी त्याच ढोलीवर घालवले. शेकडो अळ्या वाढवल्या असतील. नंबर मी गुपचूप काचेवर लिहायला लागले होते, हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने ओरखडून. साध्या अळीतून साधा डास यायचा. त्या झुपकेवाल्या अळ्याही अधूनमधून मिळायच्या, आणि त्यांतून दरवेळी दक्षिणेकडचा एक डास बाहेर यायचा, जो इतक्या उत्तरेला आपण कधी पाहिलाच नव्हता आणि ज्याची अळी तोवर कुणी नीट रेखाटली नव्हती. तुमचा तो डास, माझ्या नावाचा, एकदाही आला नाही. एकाची कात आणि दुसऱ्याचं शरीर. असा डास जगात नव्हताच.

मी स्लाइडा घेऊन तुमच्या टेबलाशी आले तेव्हा बाहेर बर्फ पडत होतं. टेक्सासात जुन्या टायरांतून आशियातला पट्टेरी डास आल्याची चर्चा सगळीकडे चालू होती. तुम्ही म्हणालात, "आता सगळे त्या टायरवाल्या डासाच्या मागे आहेत. आपल्या ढोलीत कोण बघतंय? राहू दे ना." मी म्हटलं, "सर, गल्लत झालीय. नाव मागे घ्यायला हवं." तुम्ही म्हणालात, दुर्मीळ असेल, अजून शोध. मग म्हणालात, "बरं, जात नको तर उपजात म्हणू. साध्या डासाची उपजात. दोघांचंही राहील." सर, उपजाती वेगवेगळ्या प्रदेशांत राहतात, एकाच ढोलीत शेजारी शेजारी दोन उपजाती नांदत नाहीत, हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. फळ्यावर नकाशा काढून. मी तसं बोलले. आवाज चढला माझा, कबूल आहे.

त्यावर तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि शांतपणे म्हणालात, "गल्लत झाली असेल, तर नंबर कोण बांधत होतं, सुमती? लेबलं तुझी होती."

मी स्लाइडा गोळा केल्या. चिठ्ठ्या मीच बांधल्या होत्या. अक्षर माझं होतं. आभारांत छापूनच आलं होतं की लेबलं माझी. मी घरी जाऊन त्या आठवड्यातला प्रत्येक दिवस आठवून पाहिला. कधी डुलकी लागली होती का? कुणाशी बोलत होते का? गणपतीच्या गडबडीत आधल्या दिवशीच गाठी मारताना चुकले का? त्या रविवारी नळ्या तुमच्या हातात होत्या हे माझ्या लक्षात होतं, पण तुम्ही "सगळं ठीक" म्हणाला होतात, आणि तुमच्या शब्दावर शंका घ्यायची मला सवयच नव्हती. स्वतःवर घ्यायची होती. पीएच.डी.चे कागद भरलेले होते, ते मी मागे घेतले. ज्या बाईला पन्नास नळ्यांचे नंबर सांभाळता येत नाहीत तिने डॉक्टर कशाला व्हायचं? तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की थांब. आता मी आमच्या कौंटीच्या डासनिर्मूलन खात्यात काम करते. सापळ्यात पडलेले डास येतात आणि मी त्यांच्या जाती निवडून वेगळ्या करते, तांदूळ निवडावेत तशी. काम चांगलं आहे. कुणी नाव देत नाही, कुणी घेत नाही.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये भेटायला आले होते. तुमच्या हाताला सलाइन लावलेलं, मनगट इतकं बारीक झालेलं की घड्याळ कोपराकडे सरकत होतं. तुम्ही विचारलंत, "ढोलीत पाणी असतं का गं अजून?" मी सांगितलं, झाड पाडलं, तिथे ऑफिस पार्क होतंय. तुम्ही डोळे मिटलेत. तसेच म्हणालात, "पेट्या तू बघ. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस." मला वाटलं हीच माफी असेल. वाटलं, म्हातारा माणूस, जमलं तेवढं बोलला. मी तुमच्या पायाला हात लावून निघाले आणि लिफ्टमध्ये मला हलकं वाटलं होतं.

गेल्या शनिवारी तुमच्या लीनाने घरी बोलावलं. डेंटल स्कूलच्या परीक्षा सोडून आलीय पोरगी. काकू गेल्यापासून त्या घरात स्वयंपाक होत नव्हता हे ओट्याकडे बघूनच कळलं. खाली बेसमेंटमध्ये तुम्ही घरी नेऊन ठेवलेल्या चार पेट्या होत्या. "डॅड सेड ओन्ली सुमतीमावशी," ती म्हणाली. "ही वॉज व्हेरी क्लिअर. आय डिडंट इव्हन डस्ट देम." सर्वांत वरच्या पेटीत तो होता, लाल लेबलवाला. जातीचा मूळ नमुना म्हणून ज्याच्यावरून नाव ठरलं तो एकटा डास. आणि पेटीच्या झाकणाखाली, डांबराच्या गोळीशेजारी, तुमची खिशातली छोटी डायरी. खाजगी काही लिहायचं असलं की तुम्ही मराठीत लिहायचात, इथे कुणी वाचणार नाही म्हणून. रबरबँड त्या रविवारच्या पानावरच लावलेला होता.

"गणपती. नळ्यांचं पाणी बदललं. स्टँड कलंडला, कोषांच्या दोन नळ्या आडव्या, बोळे निघाले. परत लावले. बहुधा बरोबर. सुमतीला सांगणे."

सुमतीला सांगणे, या दोन शब्दांवर एक बारीक रेघ आहे. काम झालं की तुम्ही मारायचात तशी.

मी तिथेच जिन्यात बसले, सर. लीना घाबरली. "मावशी, आर यू ओके? पाणी देऊ?" मी तिला डायरी दिली, पण तिला मराठी वाचता येत नाही, मीच वाचून दाखवलं आणि इंग्रजीत समजावलं. तिला कळायला वेळ लागला नाही, हुशार आहे. दुसऱ्या नळीतला डास बाहेर पडतानाच पाण्यात बुडून मेला होता, तो मी ओतून दिला होता. तो जगला असता तर उलटी जोडीही दिसली असती आणि त्याच आठवड्यात सगळं उघडं पडलं असतं. एक डास बुडाला म्हणून हे सगळं झालं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती रडायला लागली, आणि मी तिला थोपटत बसले. तिचं काय चुकलं होतं?

चूक झाली याचा राग नाही. बोळे कुणाच्याही हातून बदलतात, तुमच्या, माझ्या. पण तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही टेबलाशी बसून चष्मा पुसत होतात तेव्हा ही डायरी तुमच्याजवळच होती. तुम्ही ती जाळली नाहीत, फाडली नाहीत, इतकी वर्षं जपलीत, रबरबँड लावून माझ्यासाठी ठेवलीत आणि मग मरून मोकळे झालात. जिवंतपणी तोंड उघडायला काय झालं होतं? हॉस्पिटलमध्ये आपण दोघंच होतो. नर्सलासुद्धा मराठी येत नव्हतं! मी काय केलं असतं, ओरडले असते? ओरडले असते. मग तुम्हाला पाणी पाजलं असतं आणि उद्या परत येते म्हटलं असतं. माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता तुमचा?

लीनाने डोळे पुसून विचारलं, "सो व्हॉट हॅपन्स नाऊ?" मी सांगितलं की पेपर लिहावा लागेल, हे नाव खरं नाही असा. ते साध्या डासाच्या नावाखाली जाईल. ती म्हणाली, "मावशी, डू यू हॅव टू से इट वॉज हिम? कॅन्ट इट जस्ट बी... लेबलं मिक्स झाली? लाइक, दॅट्स ट्रू, राइट? ही जस्ट डाइड." आणि माझा हात धरला. बोटं तुमच्यासारखीच आहेत तिची, लांब, टोकाला चपटी.

खरंच आहे ते. लेबलं मिसळली, एवढं लिहिलं तरी खोटं होणार नाही. मंडळाचा अंक निघेल, तुमचा फोटो छापून येईल, लीनाला मान खाली घालावी लागणार नाही. फक्त ते वाचणारा प्रत्येक जण तुमचा जुना पेपर काढील, आभारांची ओळ बघेल, लेबलं सौ. सुमती दाभोळे यांची. आणि मान हलवून पेपर मिटून ठेवील. मी लीनाला म्हटलं, "बेटा, मी विचार करते." तीन दिवस केला. तुमच्या बाजूनेही केला, कारण तुमच्या बाजूने विचार करायची सवय सुटत नाही. जुने दिवस आठवले, ते "पुन्हा" म्हणणं आठवलं, तीन मोदक आठवले. तुमच्या ओल्या बाह्या आठवल्या की अजून माया येते. त्या मायेपायीच मी एवढी वर्षं मूग गिळून बसले होते.

काल इलेक्ट्रिक टाइपरायटरवर पेपर पूर्ण केला. साडेतीन पानं आहेत. त्यात तुमची निंदा नाही, कुठेही नाही. डायरीतली नोंद जशीच्या तशी दिलीय, खाली इंग्रजी अर्थ. त्या दिवशी नळ्या कुणी हाताळल्या, त्यापुढे तुमचं नाव आहे. नंबर बोळ्याला बांधायची पद्धत सोडून द्यावी, काचेवर लिहावा, अशी शिफारस आहे. लेखक एकटी मी. नाव खरं नाही असं ठरलं तरी ते पुसलं जात नाही, हे तुम्हीच मला पहिल्या महिन्यात सांगितलं होतंत. ते सूचीत साध्या डासाच्या नावाखाली बारीक टायपात राहतं, कायमचं. म्हणजे आपली जोडी तशीच राहणार आहे, सुमती आणि केळशीकर, फक्त त्या नावाने आता कुणी कुणाला हाक मारणार नाही. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलं नाही.

पोस्टात टाकण्याआधी लीनाला फोनवर सगळा वाचून दाखवला. ती म्हणाली, "ओके. थँक यू फॉर रीडिंग इट टू मी फर्स्ट." रागावली असेल. असू दे. तिला निदान सांगितलं तरी.

आज दुपारी पेटी उघडली. मूळ नमुन्याचं लाल लेबल काढायचं नसतं, आधीच्या माणसाने घातलेलं कुठलंच लेबल काढायचं नसतं, मग ते कितीही चुकीचं असो. नव्या माणसाने आपलं लेबल त्याच टाचणीवर, त्याखाली घालायचं. हेही तुमचंच शिक्षण. मी पांढऱ्या कागदावर बारीक निबाने लिहिलं, साध्या डासाचं नाव, खाली "जात ठरवली: सु. दाभोळे" आणि वर्ष. एकही पाय मोडला नाही. टाचणी अलगद उचलून ते तुमच्या लाल लेबलाखाली सरकवलं.

लेबल माझं आहे, सर. या वेळी खरंच माझं.